डीसीपी: आठ किलोचा हातोडा आणि रस्त्याच्या पोटाची झडती

रस्त्याच्या खालच्या थरांची मजबुती जागेवर तपासायला डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर घ्यावा का? साइटवर सगळे त्याला डीसीपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. जरूर घ्यावा. मात्र त्यातून निघणारा सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, म्हणजे थराची भार पेलण्याची ताकद टक्क्यांत) जसाच्या तसा क्वालिटी रजिस्टरला चढवून मोकळे व्हायचे असेल, तर घेऊ नये. त्यापेक्षा जुना सॅण्ड रिप्लेसमेंटचा (खड्डा खणून, त्यात वाळू भरून थराची डेन्सिटी म्हणजे घनता काढायचा) संच बरा. या यंत्राचे खरे मोल सीबीआरच्या आकड्यात नाही. नेमका किती खोलीवर थर कच्चा राहिला आहे हे ते पुढचा थर पडायच्या आत दाखवते, आणि तेही जागेवर, लगेच. एवढ्या खर्चात हे काम करणारे दुसरे साधन बाजारात नाही.

यंत्र अगदी साधे आहे. वर एक दांडा, त्यावर सरकणारा ८ किलोचा हातोडा, तो जिथे आपटतो ती ऐरण, ऐरणीखाली १६ मिमीचा दुसरा दांडा आणि टोकाला ६० अंशांचा पोलादी शंकू. बाजूला मिलिमीटरची पट्टी. हातोडा दरवेळी ५७५ मिमीवरून सोडायचा, म्हणजे ठोक्यामागे सुमारे ४५ ज्यूल ऊर्जा मिळते. शंकूचा बुडाचा व्यास २० मिमी, दांड्यापेक्षा ४ मिमीने जास्त. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे: शंकूने केलेल्या भोकात दांडा मोकळा राहावा, त्याच्या अंगाला माती घासू नये. १९५६ साली ऑस्ट्रेलियात स्काला यांनी या जातीचे यंत्र वापरले, पुढे दक्षिण आफ्रिकेत त्याला आजचे रूप आले, आणि इंग्लंडच्या टीआरएल या संशोधन संस्थेची आवृत्ती असो की अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेच्या डी ६९५१ मधली, मापे हीच आहेत. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) ग्रामीण रस्त्यांसाठीच्या एसपी ७२ या मार्गदर्शिकेत जुन्या रस्त्याच्या सबग्रेडची (सगळ्या थरांखालच्या दाबलेल्या मातीच्या पायाची) ताकद काढायला त्याचा आधार घेतात. बांधकाम चालू असताना मात्र ते पेटीतच पडून असते, आणि खरा उपयोग तर तेव्हाच आहे.

का, ते एका नमुना तक्त्यावरून कळेल. समजा मुरमाचा ३०० मिमी सबग्रेड १५० मिमीच्या दोन थरांत केला आहे. वरच्या थराची सॅण्ड रिप्लेसमेंटने डेन्सिटी काढली, पास झाली. त्याच जागी डीसीपी मारला तर असे काही निघू शकते: पहिले १३० मिमी उतरायला १३ ठोके, म्हणजे ठोक्यामागे १० मिमी. पुढचे ६० मिमी फक्त २ ठोक्यांत, म्हणजे ठोक्यामागे ३० मिमी. मग उरलेले ११० मिमी १० ठोक्यांत, म्हणजे ११ मिमी. नेहमीच्या सूत्राने (ते पुढे दिले आहे) हे अनुक्रमे सुमारे २२, ६.५ आणि २० टक्के सीबीआर होतात. आता सगळ्याची सरासरी काढा: २५ ठोक्यांत ३०० मिमी, ठोक्यामागे १२ मिमी, सीबीआर १८ टक्के. कागदावर उत्तम सबग्रेड. मधला ६० मिमीचा लोण्यासारखा पट्टा सरासरीने गिळून टाकला. म्हणून डीसीपीच्या तक्त्याखाली फक्त सरासरी लिहिलेली दिसली की तो तक्ता परत पाठवावा. ठोके आडव्या अक्षावर आणि खोली उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढायचा. रेघेचा उतार जिथे बदलतो तिथे थर बदलतो.

हा पट्टा सॅण्ड रिप्लेसमेंटला का सापडला नाही? नियमाने खड्डा थराच्या पूर्ण जाडीचा हवा. प्रत्यक्षात घट्ट मुरमात छिन्नी-हातोडीने खणणारा माणूस दहा-बारा सेंटीमीटरवर थांबतो, आणि दोन थरांच्या सांध्यापर्यंत कोणी जातच नाही. दुखणे मात्र बहुतेक वेळा सांध्याशीच असते. आलेखावरून कारणही ओळखता येते. कच्चा भाग सांध्याच्या वर असेल तर वरचा थर जाड पसरला होता: १५० मिमी दबलेल्या थरासाठी साधारण २०० मिमी सैल मुरूम पुरतो, तिथे २८० मिमी ओतला तर रोलरचा दाब बुडापर्यंत पोचत नाही. कच्चा भाग सांध्याच्या खाली असेल, जसा वरच्या उदाहरणात मुख्यतः १५० ते १९० मध्ये आहे, तर खालच्या थराचा माथा पावसाने किंवा टिपरच्या चाकांनी सैल झाला होता आणि तो खरवडून, पाणी मारून, पुन्हा दाबून न घेताच वरचा थर टाकला. एवढे निदान या किमतीत मिळते, हीच त्याच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट. सीमा मात्र दोन-तीन सेंटीमीटरने धूसर धराव्यात. शंकूला खालचा थर थोडा आधीच जाणवतो.

जाडीही पकडली जाते. १५० मिमीचे बिल लावलेला थर ११० मिमीलाच संपला, तर आलेख तिथेच वळतो. ठेकेदाराच्या माणसांना हे यंत्र फारसे आवडत नाही, त्याचे एक कारण हे असावे.

चाचणीला तीन माणसे लागतात: एक दांडा उभा धरणारा, एक हातोडा उचलणारा, एक वाचून लिहिणारा. दोघांत होते, पण मग लिहिणाराच दांडा धरतो आणि आकडे नंतर ‘आठवून’ भरले जातात. जागा झाडून सपाट करावी. शंकूचे सर्वांत रुंद अंग पृष्ठभागाशी येईपर्यंत एक-दोन हलके ठोके देऊन बसवून घ्यावे आणि पट्टीवर जो आकडा दिसेल तो शून्य वाचन म्हणून लिहावा. हा आकडा क्वचितच शून्य असतो, आणि तो वजा करायचा राहिला की सगळी खोली तेवढ्याने सरकते. मऊ थरात प्रत्येक ठोक्याला, मध्यम थरात दोन-दोन ठोक्यांनी, घट्ट थरात पाच किंवा दहा ठोक्यांनी वाचन घ्यावे. दोन वाचनांत साधारण १० मिमीचा फरक राहील असा हिशेब ठेवावा. त्याहून विरळ वाचले तर वरच्यासारखा पातळ पट्टा निसटतो.

पाच ठोक्यांत २ मिमीदेखील उतरले नाही तर थांबावे. मूठ उभ्या रेषेपासून ७५ मिमीपेक्षा जास्त कलली तरी थांबावे. दोन्ही वेळा निदान ३०० मिमी बाजूला सरकून नवी चाचणी घ्यावी. आणि त्या फसलेल्या चाचणीला ‘सीबीआर १००’ म्हणू नये. शंकू एका दगडावर बसला होता, इतकेच ते सांगते.

आता चुका. डीसीपीच्या बहुतेक चुका थराला खऱ्यापेक्षा मजबूत दाखवतात, आणि म्हणूनच त्या कोणाला खुपत नाहीत. हातोडा पूर्ण वर न नेता ५०० मिमीवरूनच सोडला तर ऊर्जा १३ टक्क्यांनी घटते. ठोके वाढतात, थर चांगला दिसतो. दुपारी तीननंतर थकलेल्या हातांनी हेच होते, म्हणून हातोडा उचलणारा माणूस अधूनमधून बदलावा. उलट बाजूला, हातोडा जोरात वर नेऊन मुठीवर आपटला तर शंकू दर ठोक्याला थोडा वर खेचला जातो. हातोडा वरच्या टोकाला नुसता टेकवायचा आणि सोडायचा. खाली ढकलायचा नाही, हाताने आवरायचाही नाही.

दांडा तिरका झाला की त्याचे अंग भोकाच्या कडेला घासते आणि जसजसे खोल जावे तसतसा थर ‘मजबूत’ होत जातो. ओल्या चिकण काळ्या मातीत तिरका नसतानाही माती दांड्याला आवळून धरते. ओळखायची सोपी खूण: मध्येच थांबून दांडा हाताने फिरवून पाहावा. सहज फिरला तर ठीक. दोन्ही हात लावूनही जेमतेम फिरत असेल तर त्या खोलीखालचे आकडे सोडून द्यावेत.

झिजलेला शंकू दोन्हीकडून फसवतो. टोक बोथट झाले की ठोके जास्त लागतात. व्यास घटला की उलट: २० चा १८ मिमी झाला तर आडवा छेद १९ टक्क्यांनी कमी होतो आणि तो सहज शिरतो, त्याच वेळी दांड्याभोवतीची मोकळीकही संपत येते. १८ मिमी ही हद्द धरावी. मुरूम आणि खडीत काम असेल तर शंकू बघता बघता झिजतो. डोळ्यांनी हे दिसत नाही, त्यामुळे पेटीत व्हर्निअर हवाच, किंवा १८ मिमीचे भोक पाडलेली पत्र्याची पट्टी: शंकू आरपार गेला तर भंगारात.

वरचे चार-पाच सेंटीमीटर वेगळे वाचावेत. दाणेदार थराच्या माथ्याला वरून दाब नसतो, त्यामुळे तिथे शंकू दाणे बाजूला सारून पटकन शिरतो. हे दबाई कमी असल्याचे लक्षण नाही. उलट एप्रिल-मे मध्ये मातीच्या सबग्रेडला वरून उन्हाने कडक कवच येते आणि पहिली वाचने अवास्तव चांगली येतात.

इथून आपण त्या सीबीआरच्या आकड्याकडे येतो. नेहमीचे सूत्र असे: ठोक्यामागे जितके मिलिमीटर, त्याचा १.१२ वा घात काढायचा आणि २९२ ला त्याने भागायचे. आयआरसी ३७ या डांबरी रस्त्यांच्या डिझाइनच्या मार्गदर्शिकेत हेच लॉगच्या रूपात आहे. ५ मिमीला सुमारे ४८ टक्के, १० ला २२, २० ला १०, ४० ला ४.७. टीआरएलचे सूत्र थोडे वेगळे आहे आणि २० मिमीला १२.७ टक्के देते. एवढा फरक चालून जाईल. चिकण मातीत मात्र गडबड मोठी आहे. एएसटीएममध्ये जास्त चिकण, म्हणजे सीएच गटातल्या मातीसाठी आणि कमी चिकण सीएल मातीसाठी (तीही सीबीआर १० च्या आत असेल तर) निराळी सूत्रे आहेत. ठोक्यामागे ४० मिमी हे एकच वाचन घ्या: सर्वसाधारण सूत्राने ४.७, सीएचच्या सूत्राने ८.७, सीएलच्या सूत्राने २.२. एका वाचनाचे तीन सीबीआर, आणि आयआरसी ३७ प्रमाणे व्यावसायिक वाहनांची वर्दळ जास्त असलेल्या रस्त्याला सबग्रेडचा प्रभावी सीबीआर निदान ५ हवा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती बहुतेक सीएच गटात बसते. कोणते सूत्र वापरले ते तक्त्यावर लिहिलेले नसेल, तर सीबीआरचा रकाना वाचू नये, मिमीचा वाचावा.

याहून मोठा प्रश्न ओलाव्याचा. डिझाइनचा सीबीआर चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्याचा असतो. डीसीपी सांगतो तो त्या दिवशीच्या, त्या ओलाव्यातल्या मातीचा. मे महिन्यात वाळलेली काळी माती मुरमासारखे आकडे देते. तीच माती ऑगस्टमध्ये शंकू स्वतःच्या वजनाने आत घेईल. त्यामुळे ‘प्रयोगशाळेत ५ आला होता, जागेवर १५ आहे, मग क्रस्ट (सबग्रेडवरच्या थरांची जाडी) कमी करू’ असला युक्तिवाद ऐकून घेऊ नये. चाचणीशेजारचीच माती घेऊन रॅपिड मॉइश्चर मीटरवर ओलावा काढावा आणि तो तक्त्यावर लिहावा. हा रकाना नसलेला डीसीपीचा तक्ता अर्धवटच.

मग बांधकाम चालू असताना आकडा वापरायचा कसा? तुलनेसाठी. सुरुवातीला त्याच मुरमाचा, त्याच रोलरने, ओलावा ओएमसीच्या (ज्या ओलाव्याला सर्वाधिक डेन्सिटी मिळते त्याच्या) आसपास ठेवून एक ट्रायल पट्टा करावा. त्याची डेन्सिटी सॅण्ड रिप्लेसमेंटने काढावी आणि ती मागणीइतकी भरेपर्यंत रोलरच्या फेऱ्या वाढवाव्यात: रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे सबग्रेडला जड प्रॉक्टरच्या (प्रयोगशाळेतल्या दबाई चाचणीतल्या कमाल डेन्सिटीच्या) ९७ टक्के, जीएसबीला (सबग्रेडवरच्या दाणेदार थराला) ९८. पट्टा पास झाला की त्यावर पाच-सहा डीसीपी मारावेत. समजा ठोक्यामागे ९ ते १२ मिमी आले, तर त्या मुरमासाठी, त्या ओलाव्याला १२ ही तुमची हद्द. पुढे १२ च्या वर गेलेली जागा फेल म्हणायची नाही, तिथे डेन्सिटी घ्यायची. खाण बदलली की ट्रायल पुन्हा. ओलावा ओएमसीपासून दोन टक्क्यांपेक्षा जास्त हलला की तुलना थांबवायची. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने दाणेदार बेसच्या स्वीकृतीसाठी डीसीपी आपल्या स्पेसिफिकेशनमध्येच घेतला, आणि तिथेही हद्द मालाच्या ग्रेडिंग (दाण्यांच्या आकारांचे प्रमाण) आणि ओलाव्याप्रमाणे बदलते. सगळ्या मालाला लागू पडेल असा एकच आकडा कोणी विकत असेल तर सावध राहावे.

डेन्सिटीची जागा डीसीपी घेऊ शकत नाही, हे वेगळे सांगायला हवे, कारण विकणारे सांगत नाहीत. तो ताकद मोजतो. कोरडा, कमी दाबलेला थर त्या दिवशी ताकदवान असू शकतो. बिलाला लागणारी चाचणी डेन्सिटीचीच राहते. डीसीपी ती कुठे घ्यायची हे सांगतो. सॅण्ड रिप्लेसमेंटच्या एका खड्ड्याच्या वेळात डीसीपीच्या तीन-चार जागा होतात.

आणि जागा निवडताना मध्यरेषेवर दर शंभर मीटरला एक अशी माळ ओवू नये. डावी चाकपट्टी, मध्य, उजवी चाकपट्टी अशा आलटून-पालटून घ्याव्यात आणि जिथे रोलर नीट पोचत नाही तिथे ठरवून जावे: मोरीच्या भिंतीलगतचा भराव, रुंदीकरणाचा जुन्या-नव्याचा सांधा, नळयोजनेच्या पाइपसाठी आडवा खणून बुजवलेला चर. पाच-सहा चाचण्यांपुरताच वेळ असेल तर त्या सगळ्या याच ठिकाणी खर्च कराव्यात. फक्त चराशी शंकू मारण्याआधी पाइप आणि केबल नेमकी कुठे आहे ते पाहून घ्यावे.

जिथे डीसीपी नेऊच नये अशा जागाही आहेत. ५० मिमीपेक्षा मोठा दगड भरपूर असेल तर आकड्यांना अर्थ राहत नाही. ७५ मिमीपर्यंतचा दगड असलेली जीएसबीची पहिली ग्रेडिंग आणि खडीकरण इथे म्हणूनच तो बाद. डब्ल्यूएमएममध्ये (वेट मिक्स मॅकाडॅम, म्हणजे ओल्या मिश्रणाचा खडीचा थर) वरचा आकार ५३ मिमी, म्हणजे काठावरचा. तिथे ताकदीसाठी नाही, फार तर खालचा थर तपासायला आरपार जाण्यापुरता वापरावा. सिमेंटने बांधलेल्या थरात आणि डांबरी थरात तो ठोकणे म्हणजे शंकू वाया घालवणे. डांबरी थराला ड्रिलने भोक पाडून खालून सुरुवात करावी.

या कामाला दुसरे पर्याय आहेत. फील्ड सीबीआरला उलट दाबासाठी भरलेला ट्रक उभा करावा लागतो. प्लेट लोड त्याहून जड प्रकरण. लाइट वेट डिफ्लेक्टोमीटर (प्लेटवर वजन टाकून थर किती दबतो ते मोजणारे यंत्र) वापरायला सुटसुटीत आहे, दगडाळ थरावरही चालतो आणि थेट मॉड्युलस (थराचा ताठपणा) देतो, पण किंमत कितीतरी पट, कॅलिब्रेशनचा खर्च वेगळा, आणि ३०० मिमीच्या प्लेटखाली एकच एकत्रित आकडा मिळतो. मधला पट्टा कुठे आहे ते तो सांगत नाही. मोठ्या महामार्गाच्या ठेक्यावर दोन्ही ठेवावेत. ग्रामसडकेच्या कामाला डीसीपी पुरतो.

विकत घेताना कॅटलॉगवर जाऊ नका, संच हातात घेऊन मोजा. एएसटीएमप्रमाणे हातोडा ८ किलो, १० ग्रॅमच्या आतबाहेर. पडण्याची उंची ५७५ मिमी, १ मिमीच्या आतबाहेर. शंकू ६० अंश, १ अंशाच्या आतबाहेर. व्यास २० मिमी, पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. स्वस्त संचात हातोड्याचे वजन आणि पडण्याची उंची याच दोन गोष्टी चुकलेल्या निघण्याची भीती असते, आणि पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा असतो. शंकू कडक केलेल्या पोलादाचा हवा; कानशीने सहज खरवडला जात असेल तर परत करा. पट्टी दांड्याला धरणारा ब्रॅकेट हलतो का ते पाहा, कारण त्याचा डुगडुगणारा स्क्रू दर ठोक्याला मिलिमीटर-दोन मिलिमीटर खातो. ४.६ किलोचा जोडहातोडा मिळत असेल तर मऊ काळ्या मातीसाठी घ्यावा. मोठ्या हातोड्याने तिथे एकेका ठोक्याला खूप खोल जाते आणि वाचायला काही उरत नाही. त्याचे ठोक्यामागचे मिमी दुप्पट करून सूत्रात घालायचे असतात, हे पेटीच्या झाकणावर रंगवून ठेवलेले बरे.

सर्वांत आधी मोडतो तो ऐरणीजवळचा आट्याचा जोड. दांडा बाहेर काढताना हातोडा उलटा, वर मुठीवर मारतात. हलके मारले तर चालते, पण चिकण मातीत अडकल्यावर माणसे त्वेषाने मारतात आणि आटे ताणले जातात. जोडांना लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावावा, दोन पाने लावून घट्ट करावेत, आणि चाचणी चालू असताना मध्येमध्ये हात लावून सैल झाले नाहीत ना ते पाहावे. सैल जोडावर मारलेला एकच ठोका आटे खाऊन टाकतो. काळ्या मातीचे काम जास्त असेल तर जमिनीतच सोडून द्यायचे डिस्पोजेबल शंकू घ्यावेत, दांडा विनासायास वर येतो. त्यांचा ॲडॉप्टर बहुतेक वेळा संचासोबत येत नाही, ऑर्डरमध्ये वेगळा लिहावा लागतो. दोन जादा कडक शंकू आणि खालचा एक जादा दांडाही त्याच ऑर्डरमध्ये घालावा.